लोकरीखालची पाठ

वेल्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पेम्ब्रोकशायर नावाचा परगणा आहे, आणि त्याच्या उत्तर अंगाला प्रेसेलीचे डोंगर. सगळ्यात उंच माथा ५३६ मीटरचा, आपल्या पन्हाळ्याहून कितीतरी खुजा. स्टोनहेंजमधले निळसर दगड याच डोंगरातून गेले. त्या उताराला सात एकर जमीन, जाड भिंतींचं दगडी घर, पत्र्याचा गोठा आणि पाच अल्पाका एवढा आमचा पसारा आहे.

मी मूळची हातकणंगले तालुक्यातली. घरी दोन म्हशी, परसामागे ऊस, आणि गावातली निम्मी माणसं इचलकरंजीच्या मागांवर कामाला. शिकले फिजिओथेरपी, नोकरीनं इंग्लंडात आणलं, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात नवरा, मुलगी आणि मी इथं राहायला आलो. अल्पाका त्याच महिन्यात आल्या: साखर, खारीक, भुरी, चिंच आणि मैना. सगळ्या माद्या. हा आमचा पाचवा हिवाळा. दर नोव्हेंबरात वाटतं, आता सगळं माहीत झालं, आणि फेब्रुवारीपर्यंत काहीतरी नवीन कळलेलं असतं. ते लिहून ठेवतेय. क्रम लावलेला नाही, आठवेल तसं.

१. थंडी या जनावरांचं फार बिघडवत नाही, ओल बिघडवते. अल्पाका अँडीजच्या, पेरू-बोलिव्हियाच्या पठारावरच्या. चार हजार मीटरच्या आसपास माणसानं त्या हजारो वर्षं पाळल्या. तिथं रात्री पाणी गोठतं, पण हवा कोरडी आणि दिवसा ऊन लख्ख. आमच्याकडे उलटं. समुद्र जवळ असल्यानं बर्फ क्वचित पडतं, पारा शून्याच्या खाली फारसा जात नाही, पण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाऊस पाठ सोडत नाही. आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, नुसता लागून राहतो.

पहिल्या डिसेंबरात मी उठल्याउठल्या तापमान बघायची. एका सकाळी दव गोठून सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या झाल्या होत्या. धावत जाऊन भुरीच्या मानेवर हात ठेवला. वर कुरकुरीत थर, आणि खाली बोटाचं एक पेर गेलं की लोकर कोरडी, उबदार. अंगातली ऊब बाहेर इतकी कमी येत होती की वरचं दव वितळत नव्हतं. जीव भांड्यात पडला, आणि तिथंच माझं चुकलं. वाऱ्यासकट येणारा पाऊस मात्र लोकरीत शिरतो. मेंढीच्या लोकरीत असतं तसं तेल अल्पाकाच्या लोकरीत जवळजवळ नसतं. शिवाय पायाखालचा चिखल. फाटकापाशी, गव्हाणीपाशी, पाण्याच्या टाकीपाशी, जिथं म्हणून त्यांची ये-जा, तिथं घोटा बुडेल इतका. वरच्या शेतावरचे म्हातारे शेजारी आयुष्यभर मेंढ्या राखत आलेले. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना सगळे शेताच्या नावानं ओळखतात. मी मनात त्यांना आबा म्हणते. ते पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून म्हणाले होते, ‘खालच्या शेतात ठेवू नकोस त्यांना, बाख.’ बाख म्हणजे बाळ, पोरी, असं काहीसं. मी हो म्हटलं. पण खालच्या शेतात गवत सगळ्यात हिरवं होतं.

२. लोकरीवरून जनावर कळत नाही. साखर आमच्यातली थोरली, बारा वर्षांची, पांढरीशुभ्र. कापणी मे-जूनमध्ये होते, त्यामुळे जानेवारीपर्यंत लोकर चांगली वाढलेली असते. तिची तर इतकी दाट की ती सगळ्यांत गुबगुबीत दिसायची. येणारे-जाणारे म्हणायचे, हिची तब्येत बघा. मीही म्हणायची.

२०२२ च्या जानेवारीत एका सकाळी ती उठली नाही. पाय पोटाखाली दुमडून बसलेली, मान ताठ, डोळे नीट उघडे. बाकीच्या चौघी गव्हाणीपाशी गेल्या, ही जागची हलली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोटं लोकरीतून खाली गेली, आणखी खाली गेली, आणि कणा लागला. दोन्ही बाजूंना मांस असायला हवं तिथं खळगे होते. एकेक मणका मोजता येत होता.

माणसांच्या पाठी चाचपण्यात तेव्हा माझी वीस वर्षं गेली होती. कपड्यावरून मी कुणाची पाठ कधी तपासली नाही. रोग्याला म्हणते, सदरा वर करा. आणि जिच्यापाशी तीन महिने दिवसातून दोनदा जात होते तिच्या लोकरीत मी एकदाही हात घातला नव्हता. अल्पाकांना अंगाला हात लावलेला आवडत नाही, डोक्याला तर मुळीच नाही. मी त्यांचा मान राखतेय असं मला वाटत होतं.

जनावरांच्या डॉक्टर दुपारी आल्या. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. साखर रात्री नवाच्या सुमारास गेली. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनात यकृत उघडलं तर आत पानासारखे चपटे कृमी. त्या कृमीची निम्मी जिनगानी एका नखाएवढ्या गोगलगाईच्या पोटात जाते. ही गोगलगाय पाणथळ, चिखलाच्या जागी राहते. तिच्यातून बाहेर पडलं की कृमीचं पोर गवताच्या पात्याला चिकटून बसतं, जनावर ते पातं खातं, आणि कृमी आतड्यातून निघून यकृत पोखरत जातो. मेंढ्यांना होतं तेच अल्पाकांना होतं, आणि अल्पाका शेवटपर्यंत कळू देत नाहीत. कळपातल्या, शिकार होणाऱ्या जातीच्या जनावराला आजारपण दाखवून चालत नाही, ते त्याच्या रक्तातच असतं. खालच्या शेताला आता कुंपण आहे. औषधाच्या तारखा स्वयंपाकघरात भिंतीवर आहेत. आबांनी त्यानंतर त्या शेताचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही; त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी मला त्या दिवशी पाठ बघायला शिकवलं. मला, पाठ बघायला. शेवटच्या फासळ्या संपतात तिथं कण्यावर हात आडवा ठेवायचा, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं. कौलारू छपरासारखा सरळ उतार लागला तर ठीक, त्याला ३. हात आत खचला तर २, पार खळगा लागला तर १. ओट्यासारखं सपाट लागलं तर ४ किंवा ५, आणि तेही चांगलं नव्हे. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी एकेकीला धरून हात घालते आणि आकडा वहीत लिहिते. वहीच्या पहिल्या पानावर साखरचं नाव आहे. पुढचा रकाना मोकळा आहे.

३. मेलेल्या जनावरापाशी कळपाला थांबू द्यावं. हे डॉक्टरांनी सांगितलं नसतं तर मी लगेच ताडपत्री टाकली असती. साखरला रात्री गोठ्यातच ठेवलं. मी डोक्याला दिवा बांधून गवताच्या भाऱ्यावर बसले होते. एकेक करून चौघी आल्या. मैनानं नाक हुंगलं आणि निघून गेली. चिंच दोनदा आली. खारीक साखरच्या पाठीला पाठ लावून बसली आणि पहाटेपर्यंत गुणगुणत राहिली. अल्पाका गुणगुणतात, तोंड मिटून, कण्हण्याच्या आणि हुंकाराच्या मधला आवाज. त्या रात्रीचा सूर मी त्याआधी ऐकला नव्हता. सकाळी चौघी आपणहून चरायला बाहेर गेल्या, वळून पाहिलं नाही.

माहेरी म्हैस गेली तेव्हा बाबांनी तिला बांधावर पुरलं होतं, वर मीठ घालून. इथं शेतावरचं जनावर आपल्या रानात पुरायला कायद्यानं बंदी आहे. गाडी येते आणि घेऊन जाते. गाडी अकराला आली. मी फाटक उघडून धरलं.

४. भांड्यांमध्ये अंतर ठेवावं. पहिल्या वर्षी मी एकाच लांब गव्हाणीत खुराक ओतायची आणि पाच माना ओळीनं खाली गेल्या की समाधानानं घरात जायची. ओतून झाल्यावर पाच मिनिटं थांबले असते तर दिसलं असतं की मैना कान मागं टाकून नुसती मान वर करते, आणि साखर दोन पावलं मागं सरून वाळलं गवत चघळत उभी राहते. थुंकणं, ज्याबद्दल सगळे विचारतात, ते बहुतेक वेळा असंच आपापसात, खाण्यावरून होतं. आंबूस हिरवा फवारा. पण ज्यांचा दरारा असतो त्यांना थुंकावंही लागत नाही. आता पाच वेगळी घमेली, दोन-दोन पुरुष अंतरावर, आणि पाणी कुणालाही अडवता येणार नाही अशा दोन ठिकाणी. कडाक्याच्या सकाळी त्यात किटलीभर गरम पाणी ओतते. गार पाण्याला त्या तोंड लावत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की पोट बिघडतं. हे सगळं झाल्यावर मी थांबते. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत.

५. अंधाराचा हिशेब अंगात साठत जातो, त्यांच्या आणि आपल्या. डिसेंबरच्या मधोमध आमचा दिवस पावणेआठ तासांचा असतो. सव्वाआठनंतर सूर्य उगवतो, चार वाजून काही मिनिटांनी बुडतो, आणि त्यातही ढगांमुळे दिसत नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं, मनाचाच प्रश्न आहे हा, आपण निभावू.

खारीक इथं आली तीच नुकती फळवलेली. अल्पाकाचे दिवस साडेअकरा महिन्यांचे, त्यामुळे पिल्लू २०२२ च्या सप्टेंबरात झालं, म्हणजे उन्हाळा संपल्यावर. काळंभोर, म्हणून नाव काजळ. फेब्रुवारीत काजळ पाय आखडून चालायला लागली. पाठ पोक काढल्यासारखी, पुढचे पाय गुडघ्यात किंचित आत. या वेळेला मी लगेच हात लावला, लगेच फोन केला. मुडदूस. रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की ५२ अंश अक्षांशावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतच्या उन्हात ते जीवनसत्त्व तयार करण्याची ताकदच नसते; त्यात दाट लोकर, त्यात गडद रंग, त्यात वाढीचं वय. तेव्हापासून हिवाळाभर दर सहा-आठ आठवड्यांनी सगळ्यांना डोस देतो, आणि काजळ तीन महिन्यांत सरळ चालायला लागली.

त्या रात्री मी नकाशा काढून बसले. टिटिकाका सरोवर, जिथं या जातीचं माहेर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १६ अंशांवर. आमचं गाव उत्तरेला १६ अंशांच्या थोडं वर. विषुववृत्तापासून जवळजवळ सारख्याच अंतरावरच्या आम्ही, त्या एकीकडून आणि मी दुसरीकडून सूर्य बघत मोठ्या झालेल्या. इथली आरोग्यसेवा सगळ्यांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करा म्हणते, आणि सावळ्या कातडीच्या लोकांना तर वर्षभर. माझी डबी अनेक वर्षं कपाटात न उघडता पडली होती, आणि गुडघे दुखतात म्हणून मी वयाला बोल लावत होते. आता भिंतीवरच्या त्याच कागदावर, काजळच्या नावाखाली, आमची तिघांचीही नावं आहेत.

६. लेंड्या उचलणं हे दिवसातलं सगळ्यात शांत काम आहे. अल्पाका रानभर घाण करत नाहीत. सगळा कळप ठरलेल्या दोन-तीन जागीच बसतो, अगदी ओळीत उभ्या राहून पाळी लावतात. फावडं आणि एकचाकी गाडी घेऊन गेलं की वीस मिनिटांत आटपतं. गोळा केल्या की चरायच्या गवतावर जंतांचा भारही कमी होतो. बोलिव्हियाच्या पठारावर झाडं फारशी नाहीत, तिथं याच लेंड्या वाळवून जाळतात, आपल्या शेण्यांसारख्या. मला मात्र आठवतात ते पट्टणकोडोलीकडचे धनगर. रान मोकळं झालं की बाबा त्यांना निरोप धाडायचे, मेंढरं बसवायला. दोन रात्री कळप शेतात बसायचा आणि बदल्यात बाबा धान्य द्यायचे. पहाटे घोंगड्यांतून उठणारी वाफ, कुत्र्यांची कुजबुज, मेंढरांच्या अंगाचा तो वास. आमच्या परड्यातल्या बटाट्यांना आणि कांद्यांना आता अल्पाकाचं खत असतं. मेथीही येते त्यात, पण मे महिन्यात.

७. आपण नवीन काही करतोय असं वाटतं, ते बहुतेक वेळा घरात आधीच असतं. अल्पाका घेतल्याचं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अल्पाका म्हंजे आण्णांच्या कोटातला, तोच व्हय?’ आण्णा तिचे वडील, कोल्हापुरात वकिलाकडे कारकून. कोर्टात जाताना अंगात अल्पाकाचा काळा कोट. तो कोट ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत मीही पाहिला होता, हात लावला होता, गारेगार आणि किंचित चकाकणारा. पण अल्पाका हा माझ्या लेखी कापडाचा प्रकार होता, मलमल किंवा पॉपलिनसारखा. त्यामागे मान वर करून बघणारं जनावर असेल हे कधी मनात आलं नाही.

मग मी शोधत गेले. ब्रॅडफर्डचे टायटस सॉल्ट यांना १८३६ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत कुणाला नको असलेल्या अल्पाका लोकरीचे गठ्ठे सापडले. या लांब, गुळगुळीत धाग्याचं करायचं काय हे तोवर बहुतेक गिरणीवाल्यांना सुचत नव्हतं. सॉल्टनी ते जमवलं: ताणा सुताचा, बाणा अल्पाकाचा. त्यातून हलकं, चकाकणारं कापड निघालं आणि जगभर गेलं. १८५३ मध्ये त्यांनी एअर नदीकाठी मोठी गिरणी उघडली आणि भोवती कामगारांचं गाव वसवलं. सॉल्ट आणि एअर मिळून नाव झालं सॉल्टेअर. २००१ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेले होते. दगडी घरांच्या ओळी, गिरणीची लांबच लांब भिंत. मला इचलकरंजीच्या गल्ल्या दिसत होत्या आणि नाकात खळीचा वास येत होता. मुलीनं विचारलं, पणजोबांचा कोट इथलाच होता का? ते कोण सांगणार. कोट आईनं कधीच भांडीवालीला दिलेला.

८. वादळात जनावराला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ६ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी घरातले तिन्ही फोन एकदम किंचाळले. डाराघ वादळ येत होतं. सरकारनं वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या सुमारे ३० लाख लोकांना तो इशारा पाठवला होता. पश्चिम आणि दक्षिण वेल्सच्या किनाऱ्याला वाऱ्याचा लाल इशारा, पहाटे तीनपासून. आम्ही कंदील लावून पाचही जणींना गोठ्यात घेतलं, दार बांधलं. अर्ध्या तासात मैनानं छातीनं ढकलून दोरी सैल केली आणि सगळ्या बाहेर. पुन्हा आत घेतल्या, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, राहू दे. मी त्याच्यावर ओरडले. रात्रभर अंथरुणात बसून होते. वाऱ्याचा आवाज ट्रक चढणीला लागल्यासारखा, तासन् तास एकाच पट्टीत.

उजाडल्यावर बाहेर गेले तर गोठ्याचे चार पत्रे नव्हते. एक पत्रा आत पडलेला, उभा, गवताच्या भाऱ्यात रुतून. पाचही जणी शेताच्या वरच्या कडेला बांधाच्या आडोशाला बसल्या होत्या, पाय दुमडून, वाऱ्याकडे पाठ करून, एकमेकींना चिकटून. रवंथ चालू. इथं शेताशेतांमध्ये माती-दगडांचे उंच बांध असतात, वर काटेरी झुडपांची दाट कुंपणं. वेल्श लोक त्याला ‘क्लॉद’ म्हणतात. किती पिढ्यांपूर्वी कुणी घातला कुणास ठाऊक. मी बांध म्हणजे शेताची हद्द एवढंच समजत होते, आमच्याकडे तर त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात. चार दिवस वीज नव्हती, म्हणून पंप बंद, म्हणून पाणी ओढ्यावरून बादल्यांनी. तिसऱ्या दिवशी आबा ट्रॅक्टरवर पाण्याची टाकी घालून आले. उतरले नाहीत, चहा घेतला नाही, पुढच्या घरी जायचं होतं.

९. भाषेचं मी जेवढं मनाला लावून घेत होते तेवढं नको होतं. मुलगी शाळेत वेल्श शिकते, अल्पाकांशी वेल्शमध्ये बोलते. नवरा इंग्रजीत. मी ‘ये गं, ये, चल बाय’ असं, जे आमच्या म्हशींना म्हणायची तेच. घरात मराठी मागं पडतेय याची टोचणी असायची. एका संध्याकाळी खिडकीतून ऐकलं, मुलगी चिंचेला गोठ्यात घेत होती आणि तोंडानं म्हणत होती, ‘चल बाय, चल.’

१०. बरी आहे म्हणणाऱ्या माणसाची पाठ बघावी. मागच्या नोव्हेंबरात आई व्हिडिओ कॉलवर बोलत होती. शालीत गुंडाळलेली, चेहरा हसरा. तब्येत कशी आहे म्हटलं की नेहमीचं, ‘मला काय धाड भरलीय? बरी हाय मी. तू जेवलीस का?’ केस सारखे करायला तिनं हात वर केला आणि बांगड्या घसरत कोपरापर्यंत गेल्या. त्या बांगड्या मनगटातून काढताना साबण लावावा लागायचा. मी कॉल ठेवला आणि धाकट्या बहिणीला फोन केला. आजच जा, जेवायच्या वेळेला जा, शेजारी बस. कवळी बोचत होती. हिरडी सोलवटलेली, आणि दोन महिने ती दुधात कुस्करलेल्या भाकरीवर आणि पेजेवर होती. कुणाला कशाला त्रास, म्हणून बोलली नव्हती. नवी कवळी आता बसली. बहीण दर रविवारी वजन करून मला कळवते. आईला त्याचा राग येतो, येऊ दे.

या जानेवारीत तेराला मुलगी वर्गातल्या मैत्रिणींबरोबर शेजारच्या ग्वाइन खोऱ्यात गेली होती. १७५२ मध्ये ब्रिटननं पंचांग बदललं, अकरा दिवस गाळले, पण या खोऱ्यातल्या लोकांनी आपला जुना वर्षारंभ सोडला नाही. १३ जानेवारीला हेन गालान, म्हणजे जुनं नववर्ष. पोरं घरोघर जाऊन गाणी म्हणतात, त्यांना नाणी आणि गोळ्या मिळतात. ती खिसे खुळखुळवत आली तेव्हा मी तीळ भाजत होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत. आबांना तिळगूळ नेऊन दिला. गोड बोला हे इंग्रजीत सांगायला जमेना, तसाच हातावर ठेवला.

आणि काजळ यंदा पहिलटकरीण आहे. जुलैत फळवली, म्हणजे जूनमध्ये पिल्लू. अल्पाका बहुधा दिवसाउजेडी वितात, सकाळी किंवा दुपारपर्यंत. अँडीजमध्ये रात्रीच्या हिमाआधी पिल्लू वाळायला हवं, म्हणून ते तसं घडत आलं असावं. पण अजून हिवाळ्याचे दोन महिने जायचेत, आणि पोटातलं पिल्लू शेवटच्या तीन महिन्यांतच झपाट्यानं वाढतं, आईच्या अंगावरचं घेऊन. म्हणून तिचा घमेल्यातला खुराक थोडा वाढवलाय आणि तिची पाठ मी आता दर आठवड्याला बघते.

१८ जानेवारीचा रविवार. पाऊस होता, गोठ्यात दिवा लावला होता. मुलगी वही घेऊन उभी. मी काजळला कोपऱ्यात घेतलं, डावा हात मानेखाली, उजवा पाठीवर. काळी लोकर बाजूला केली की आतून ती तपकिरी दिसते, चॉकलेटी म्हणावी अशी, आणि अगदी तळाशी कातडी. हात गार असतो म्हणून आधी काखेत धरून ठेवते. शेवटच्या फासळ्यांपाशी आडवा ठेवला. ती गुणगुणली, अंग आखडलं, मग सैल सोडलं. अंगठ्याखाली उतार लागला, बोटांखाली उतार लागला.

‘किती?’ मुलीनं विचारलं.

‘तीन.’

काजळनं अंग झटकलं, पाण्याचे थेंब वहीवर उडाले. मुलीनं बाहीनं पुसले आणि पुढचं नाव वाचलं. मैना. ती गोठ्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभी होती.